‘अखर्चित’ या शब्दामागचे राजकारण

शिक्षणावर सरकारने अधिक खर्च करावा, अशी मागणी आपण केली की समोरून एक ठरीव उत्तर येते. ‘पैसा कमी नाही, आहे तोच खर्च होत नाही.’ मंत्रालयातील अधिकारी हे सांगतात, अर्थसंकल्पावर लिहिणारे पंडित तेच सांगतात, आणि आपल्यातीलही काहीजण ते ऐकून गप्प बसतात. पुराव्यादाखल एक तक्ता पुढे केला जातो. मंजूर रक्कम, प्राप्त रक्कम, झालेला खर्च आणि शेवटच्या रकान्यात ‘अखर्चित शिल्लक’. मी आयुष्यभर सार्वजनिक अर्थशास्त्र शिकवले. असे तक्ते मीही फळ्यावर पुष्कळ मांडले आणि शेवटचा रकाना म्हणजे खालच्या यंत्रणेच्या अकार्यक्षमतेचा पुरावा, असे विद्यार्थ्यांना सांगितलेही. ते निदान अर्धे तरी असत्य होते, हे मला निवृत्तीनंतर उमगले. तो रकाना आपोआप भरत नाही. तो भरला जातो. तो कसा भरला जातो आणि त्याचा उपयोग कोण करून घेतो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

एका शाळेचा मार्च

गेल्या मार्चच्या अखेरच्या आठवड्यात काही कामासाठी तालुक्याच्या गावी गेलो होतो. बसस्थानकाजवळच्या संगणकाच्या दुकानात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळा दोनशिक्षकी, पट सत्तावीस. दोघांतला ज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा कार्यभार त्याच्याकडे. शाळेच्या वेळेत तू इथे कसा, असे मी विचारले.

‘सर, शाळेचं अनुदान आलंय. दहा हजार.’

‘आलं म्हणजे? खात्यात जमा झालं?’

‘नाही सर, खर्चाची मर्यादा आली आहे. एकतीस तारखेला ती बंद होईल. तेवढ्यात सगळी देयकं झाली पाहिजेत.’

त्याने जे सांगितले ते असे. जुलैच्या पावसात शाळेचे दार निखळले आणि दोन बाके मोडली. अनुदान येईपर्यंत दाराविना शाळा चालवणे शक्य नव्हते, म्हणून त्याने गावच्या सुताराकडून काम करून घेतले आणि ३,८०० रुपये स्वतःच्या पगारातून दिले. आता मार्चमध्ये मर्यादा आली. पण सुताराकडे छापील बिल नाही, त्याची प्रणालीत नोंद नाही आणि मुख्याध्यापकाला स्वतःच्या नावे रक्कम काढता येत नाही. उरलेल्या ६,२०० रुपयांत विजेचे थकलेले बिल, स्वच्छतेचे साहित्य, खडू आणि हजेरीपुस्तके यांची देयके तो करीत होता. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो आणि अध्यक्षांची सही लागते. अध्यक्षबाई ऊसतोडीवरून दोनच दिवसांपूर्वी परतल्या होत्या, हे त्याचे भाग्य. दुकानातला संगणक मधूनच अडत होता, दुकानदार तासाचे पैसे घेत होता, आणि त्या वेळी वाडीवर चार इयत्तांची सत्तावीस मुले एकटा सहकारी सांभाळत होता.

एकतीस मार्चला मर्यादा बंद झाली. ६,२०० रुपये खर्ची पडले, ३,८०० परत गेले. म्हणजे वर्षाच्या तक्त्यात त्या शाळेपुढे ‘खर्च ६२ टक्के, अखर्चित ३८ टक्के’ अशी नोंद झाली. वाचकांनी क्षणभर थांबून हे पाहावे. ज्या पैशाचे काम आठ महिन्यांपूर्वी झाले होते, ज्या कामाचे दार मुलांनी रोज उघडले आणि लावले, नेमका तोच पैसा सरकारदप्तरी ‘अखर्चित’ ठरला. खर्च शिक्षकाने केला आणि अकार्यक्षमतेचा शिक्काही त्याच्याच शाळेवर बसला.

पैशाची वाट

हा एका शाळेचा दुर्दैवी योगायोग आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही, हे कळण्यासाठी या दहा हजार रुपयांची वाट पाहावी लागेल. ‘समग्र शिक्षा’ ही केंद्रपुरस्कृत योजना २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना यांना एकत्र करून सुरू झाली. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. महाराष्ट्रात ती राबवते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी या योजनेचा आकार सुमारे २ लाख ९४ हजार कोटी रुपयांचा ठरवण्यात आला. या अवाढव्य आकड्यातून शाळेच्या हाती थेट येते ते ‘संयुक्त शाळा अनुदान’. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. लहान शाळेचा हिशेब करा: महिन्याला ८३३ रुपये. त्यात वीज, पाणी, खडू, दुरुस्ती आणि शौचालयाची स्वच्छता बसवायची.

ही रक्कम अपुरी आहे, हा एक प्रश्न झाला. ती केव्हा येते, हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक कळीचा. राज्य वार्षिक आराखडा करते, केंद्राचे प्रकल्प मान्यता मंडळ त्याला मंजुरी देते, मग केंद्राचा पहिला हप्ता सुटतो. २०२१ साली केंद्रीय अर्थखात्याने ‘एकल नोडल खाते’ नावाची पद्धत लागू केली. राज्यात एका योजनेचे एकच खाते. खालच्या सर्वांची खाती शून्य शिलकीची. जिल्ह्याला, तालुक्याला आणि शाळेला पैसा मिळत नाही, खर्चाची मर्यादा मिळते. केंद्र एका वेळी वर्षाच्या रकमेच्या पाव हिश्श्याहून अधिक देणार नाही; राज्याने आपला वाटा भरल्याखेरीज आणि आधी दिलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्याखेरीज पुढचा हप्ता नाही, असा तो नियम. त्यानंतर आलेल्या ‘स्पर्श’ प्रणालीचा रोख तर असा की, देयक तयार होईल त्याच क्षणी रिझर्व्ह बँकेतून पैसा सुटावा, आधी कोठेच तो पडून राहू नये.

या नियमांमागचे कारण खोटे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वी योजनांचा पैसा हजारो बँकखात्यांत महिनोन्‌महिने पडून राही. खर्च झाला की नुसता खाली वर्ग झाला, हे वर कोणाला कळत नसे. ‘वर्ग केला’ म्हणजेच ‘खर्च झाला’ असे दाखवले जाई. एकीकडे सरकार कर्ज काढून व्याज भरते आहे आणि दुसरीकडे त्याचाच पैसा बँकेत निजला आहे, ही स्थिती कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला पटणारी नव्हती. मलाही पटत नव्हती.

परंतु या सुधारणेने कोणाची बेशिस्त मोडली, ते पाहा. खालच्या खात्यात पडून राहणारा पैसा थांबला. वरच्या टेबलांवर पडून राहणारी फाईल थांबली नाही. आराखड्याच्या मंजुरीला लागणारा वेळ, केंद्राचा हप्ता सुटण्यास लागणारा वेळ, राज्याचा वाटा वित्तविभागाकडून निघण्यास लागणारा वेळ, मग जिल्हानिहाय मर्यादा वाटण्यास लागणारा वेळ, या सर्व वेळांची बेरीज जूनमध्ये उघडणाऱ्या शाळेच्या वाट्याला मार्च घेऊन येते. शिवाय ७५ टक्क्यांची अट राज्याच्या एकत्रित खर्चाला लागू. म्हणजे एका योजनाशीर्षाखाली कोठे बांधकाम रखडले, कोठे खरेदीची निविदा अडली, तर त्याची शिक्षा वेळेत हिशेब देणाऱ्या वाडीवरच्या शाळेलाही भोगावी लागते.

आणखी एक गोष्ट सांगतो. केंद्राने दिलेला हिस्सा राज्याने तीस दिवसांत खात्यात वर्ग केला नाही, तर त्या विलंबाबद्दल राज्याकडून वार्षिक ७ टक्के दराने व्याज घेण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू करण्यात आला. विलंबाला किंमत असते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे, याचा हा लेखी पुरावाच आहे. मग त्याच न्यायाने शाळेला नऊ महिने उशिरा पैसे दिल्याबद्दल शाळेला व्याज कोण देणार? माझ्या विद्यार्थ्याच्या ३,८०० रुपयांवरचे व्याज सोडा, मुद्दल तरी कोण देणार? वरचा खालच्याकडून विलंबाची भरपाई घेतो. खालच्याने वरच्याकडे ती मागण्याची तरतूदच नाही. यालाच आज ‘वित्तीय शिस्त’ म्हणतात.

कारकून कोठे आहे?

या प्रणालीला माणूस लागतो. देयक तयार करणारा एक, ते तपासून मान्यता देणारा दुसरा, अशी दुहेरी रचना तिच्यात आहे. कीर्द लिहावी लागते, व्हाउचरे लावावी लागतात, जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत वस्तू चढवावी लागते, ठराववही ठेवावी लागते, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि पुढे लेखापरीक्षकासमोर उभे राहावे लागते. हे काम हलके नाही आणि अनावश्यक तर मुळीच नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब पैशापर्यंत लागला पाहिजे, याबद्दल समाजवाद्यांचे दुमत असू शकत नाही. प्रश्न एवढाच की, हे काम करणार कोण?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिकाचे पद नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे पद. त्याखालच्या शाळेत शिक्षकच मुख्याध्यापक, तोच लिपिक, तोच भांडारपाल आणि तोच शिपाई. याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे म्हटले आहे. हिशेब ठेवणे या बंदीत बसते की नाही, हा वकिली प्रश्न झाला. ज्या वेळात तो देयके करतो त्या वेळात तो शिकवत नाही, हे मात्र पहिलीतले मूलही सांगेल.

अनुदानित माध्यमिक शाळांची कथा वेगळी नाही. शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षे रोखून धरल्यावर डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने तेथील शिपाईवर्गाची पदे रिक्त होतील तशी रद्द करण्याचे ठरले आणि त्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ देऊ केला. ग्रामीण भागात महिन्याला पाच हजार, मोठ्या शहरांत दहा हजार. किमान वेतनाची भाषा करणाऱ्या सरकारने स्वतःच्या शाळांसाठी पाच हजारांत माणूस ठेवा असे सांगितले, ही गोष्ट कामगार चळवळीने जितकी गाजवायला हवी होती तितकी गाजवली नाही.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आणि जिल्ह्याच्या कार्यालयात या योजनेचे जे लेखा सहायक, संगणकचालक, साधनव्यक्ती दिसतात, ते बहुतांशी कंत्राटी. याचे मूळ १९९४ मध्ये आहे. जागतिक बँकेच्या साह्याने देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यासाठी राज्या-राज्यांत नोंदणीकृत संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्रात तो मराठवाड्यातील पाच जिल्ह्यांपासून सुरू झाला. मुदतीचा प्रकल्प, म्हणून मुदतीची माणसे, असे तेव्हाचे समर्थन. प्रकल्प संपला, २००१ साली सर्व शिक्षा अभियान आले. २०१० मध्ये शिक्षण हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली. योजनांची नावे बदलली, संस्था राहिली आणि कंत्राटही राहिले. हक्क कायमचा, आणि त्या हक्काचा हिशेब ठेवणारा मात्र अकरा महिन्यांचा, किंवा फार तर पुढच्या मुदतवाढीपर्यंतचा! ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षीच्या पगाराची खात्री नाही, त्याने वरिष्ठाच्या चुकीच्या आदेशावर ‘हे नियमात बसत नाही’ असा शेरा मारावा, अशी अपेक्षा कोण करील?

येथे एक आक्षेप येईल. संगणक आल्यावर माणसांची गरज काय? उत्तरादाखल नागपूरकडे पाहा. शिक्षक-शिक्षकेतरांचे वेतन ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीतून होते. त्याच प्रणालीत बोगस ओळखक्रमांक घालून अपात्रांच्या नावे वेतन काढल्याचे प्रकरण २०२५ मध्ये तेथे उघडकीस आले, शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि राज्याला विशेष तपासपथक नेमावे लागले. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. आपल्यापुरता धडा इतकाच की, यंत्र स्वतःहून राखण करीत नाही. त्याच्यामागे कायम, प्रशिक्षित आणि निर्भय असा कर्मचारी लागतो. वाडीवरच्या शिक्षकाला सुताराच्या छापील बिलावाचून एक रुपया काढता येत नाही, अशी कडेकोट व्यवस्था उभारणाऱ्यांच्या राज्यात वेतनाच्या तिजोरीला असे भगदाड पडावे, हा विरोधाभास बोलका आहे. लहान रकमेवर पहारा कडक आणि मोठ्या रकमेवर ढिला, हे आपल्या प्रशासनाचे जुने लक्षण आहे.

केंद्रीकरणाचे फळ

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यातील अर्थशास्त्र साधे होते: सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांकडे जातो, तेव्हा प्राथमिक शिक्षणाकडे पैसा वळवा. राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्यांनी नुसती घोषणा केली नाही, पैशाची तजवीजही केली. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, त्यामागेही विचार हाच होता की, शाळेचा निर्णय शाळेच्या जवळ व्हावा. शिक्षणहक्क कायद्याने तर शाळा व्यवस्थापन समितीला शाळेचा विकास आराखडा करण्यास सांगितले आणि शासनाची अनुदाने त्या आराखड्याच्या आधारे ठरावीत असे २२ व्या कलमात लिहिले. आज नेमके उलटे चालते. अनुदान पटाच्या कोष्टकावरून आधीच ठरते, ते मार्चमध्ये येते, आणि त्याला साजेसा आराखडा मागाहून लिहिला जातो.

या केंद्रीकरणाचा नमुना महाराष्ट्राने गणवेशाच्या बाबतीत पाहिला. पूर्वी गणवेशाची रक्कम, दोन जोड्यांचे सहाशे रुपये, शाळा व्यवस्थापन समितीकडे येई आणि समिती गावातल्या किंवा बाजाराच्या गावच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. २०२४-२५ मध्ये राज्याने ठरवले की कापड वरूनच एकत्र खरेदी करायचे आणि महिला बचतगटांकडून शिवून घ्यायचे. बचतगटांना काम मिळावे हा हेतू चांगला. पण सबंध राज्याच्या मुलांची मापे एका टेबलावरून घेता येत नाहीत. स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी असंख्य शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. जे पोहोचले त्यांतले कित्येक मापाचे नव्हते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. जी गोष्ट गावच्या शिंप्याला ठाऊक होती ती शासनाला कळण्यासाठी मुलांचे एक वर्ष खर्ची पडले. त्या वर्षाची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात ‘अखर्चित’ म्हणून झाली नाही.

निधी रोखण्याची सत्ता एका हाती एकवटली की ती राजकीय कारणासाठी वापरली जाणार, हेही ओघानेच आले. तामिळनाडूने पीएमश्री योजनेचा करार नव्या शैक्षणिक धोरणातील अटींमुळे स्वीकारला नाही, म्हणून २०२४-२५ या वर्षाचा समग्र शिक्षेचा त्या राज्याचा सुमारे २,१५२ कोटी रुपयांचा केंद्रीय हिस्सा रोखून धरण्यात आला. संसदेच्या स्थायी समितीने २०२५ च्या मार्चमध्ये यावर नापसंती व्यक्त केली. मे महिन्यात राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नव्या धोरणाविषयी आपली मते काहीही असोत. एका योजनेला होकार दिला नाही म्हणून दुसऱ्या योजनेतील मुलांचे अनुदान अडवणे, ही संघराज्याची रीत नव्हे, सावकाराची आहे.

आणि आता ‘अखर्चित’ हा शब्द दिल्लीच्या दारी नेऊन पाहू. २००७ पासून माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी म्हणून केंद्राने नागरिकांकडून एक टक्का उपकर घेतला. तो त्याच कामी लागावा म्हणून स्वतंत्र निधी उभारण्यास मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती २०१७ मध्ये. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून जमा झालेले सुमारे ९४ हजार कोटी रुपये त्या निधीत वर्ग झालेच नाहीत, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. दहा हजारांच्या अनुदानातील ३,८०० रुपयांचा मेळ लागत नाही म्हणून शाळेला नापास करणाऱ्यांना हा मेळ कोणी विचारला काय?

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. या शब्दाचे परिणाम होतात. समग्र शिक्षेसाठी केंद्राच्या २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात ३८,७५१ कोटी रुपये दाखवले होते. २०२४-२५ मध्ये ३७,५०० कोटी. चार वर्षांची भाववाढ लक्षात न घेताही आकडा खाली आला. २०२५-२६ मध्ये तो ४१,२५० कोटी झाला, तरी भाववाढ वजा केल्यावर त्यात वाढ अशी काही उरत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के २०२० च्या धोरणानेही पुन्हा सांगितले, आणि त्याच दस्तऐवजात प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्के असल्याची कबुली दिली. ही तफावत भरून काढा म्हटले की ‘आधी आहे ते खर्च करा’ हे उत्तर तयार असते. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे घाटत असते तेव्हाही हाच तक्ता पुढे येतो. उशिरा पैसे द्यायचे, हिशेबाला माणूस द्यायचा नाही, मग खर्च झाला नाही म्हणायचे, आणि खर्च झाला नाही म्हणून पुढच्या वर्षी कमी द्यायचे, असे हे चक्र आहे. याचा शेवट वाडीवरच्या शाळेला कुलूप लागण्यात होतो.

आपण काय मागायचे?

दोष केवळ सरकारला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सहा टक्क्यांची घोषणा आपण पन्नास वर्षे दिली; पण कीर्दवही उघडून बसण्याचा आपल्याला कंटाळा. हिशेब हे कारकुनाचे काम आणि क्रांती हे आपले, अशी एक उच्चवर्णीय सवय आपल्या चळवळीतही मुरलेली आहे. ती सोडली पाहिजे. कारण मुलाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात जन्मतो, पण तो शाळेच्या खात्यात पोहोचला नाही तर वाटेतच मरतो.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. शाळा अनुदानाची निदान अर्धी रक्कम शाळा उघडण्याच्या महिन्यात शाळेच्या हाती पडली पाहिजे, आणि ती इतर योजनाशीर्षांच्या खर्चाच्या टक्केवारीशी जोडलेली नसावी. वर्षअखेरीस उरलेली रक्कम परत न घेता त्याच शाळेला पुढच्या वर्षी वापरू द्यावी. घरखर्चातील बाई जशी उरलेले पैसे पुढच्या महिन्याला ठेवते, तितका विश्वास समितीवर टाकण्यास हरकत नसावी. गावच्या सुताराची, शिंप्याची, कुंभाराची साधी पावती ठरावीक मर्यादेपर्यंत समितीच्या ठरावानिशी ग्राह्य धरावी. प्रत्येक केंद्रातील शाळांसाठी मिळून एक कायमस्वरूपी लेखालिपिक नेमावा, म्हणजे शिक्षक वर्गात राहील आणि हिशेबही जाणत्याच्या हातचा होईल. तीस वर्षांची ‘तात्पुरती’ यंत्रणा जिल्हा परिषदेच्या शिक्षणविभागात विलीन करून तिच्यातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करावे. आणि राज्याच्या विलंबाला जसे व्याज आहे तसे शाळेला होणाऱ्या विलंबालाही असावे. ते ज्याच्या टेबलावर फाईल थांबली त्या कार्यालयाच्या खर्चातून वसूल व्हावे. या मागण्यांना फार पैसा लागत नाही. त्यांना लागते ती सत्ता खाली देण्याची तयारी, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कार्यकर्त्यांसाठी एक काम सुचवतो. प्रत्येकाने आपल्या गावच्या एका शाळेपुरते चार तारखा मिळवाव्यात. वार्षिक आराखडा मंजूर झाल्याची तारीख, केंद्राचा हप्ता राज्याला मिळाल्याची तारीख, राज्याने आपला वाटा टाकल्याची तारीख आणि शाळेला खर्चाची मर्यादा मिळाल्याची तारीख. चौथी तारीख मुख्याध्यापक सांगेल. उरलेल्या तिन्हींसाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. या चार तारखा मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामसभेत लावाव्यात, तालुक्याच्या मोर्चात त्या फलकावर घ्याव्यात आणि आमदारांच्या हाती विधिमंडळाच्या अधिवेशनापूर्वी द्याव्यात. मग ‘अखर्चित’ हा रकाना दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला विचारता येईल की, बाबा रे, या नऊ महिन्यांपैकी शाळेकडे किती दिवस होते आणि तुमच्याकडे किती?

त्या दिवशी संगणकाच्या दुकानातून निघताना माझ्या विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. ‘सर, तुम्ही अर्थशास्त्राचे. ते तीन हजार आठशे मी कुठं दाखवू?’ आयुष्यभर सार्वजनिक अर्थशास्त्र शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. ते उत्तर सरकारकडून काढून घेण्याइतकी ताकद आपल्या पक्षाच्या तालुका शाखांत आहे की नाही, हे आता पाहायचे आहे.